जमीन आणि भिंतीच्या मधली फट कशी भरायची म्हणजे ओल खरंच थांबेल

भिंतीच्या पायथ्याशी रंगाचे पोपडे सुटतायत, कपाट पुढे ओढलं की मागून कुबट वास येतोय आणि खाली वाकून बघितलं तर काँक्रीटची जमीन आणि भिंत यांच्यामधे लांबच लांब फट गेलेली दिसतेय. अशा वेळी बरेच जण थेट दुकान गाठतात, हाताला येईल ती पांढरी ट्यूब आणतात आणि फटीवर वरच्या वर फिरवून मोकळे होतात. काही महिन्यांत तीच पट्टी नखाने उचकली तरी सलग सोलून निघते आणि खाली ओल जशीच्या तशी. प्रत्येक वेळी माल खराब असतो असं नाही, तो चुकीच्या जागी किंवा चुकीच्या वेळी मारलेला असतो. ज्यांनी याआधी कधी छिन्नी हातात धरली नाही त्यांच्यासाठी हे जरा खोलात जाऊन लिहितोय.

फट पडतेच कशाला

जमीन आणि भिंत सहसा एका वेळी ओतलेली नसते. भिंत पायावर उभी असते आणि जमिनीचा स्लॅब नंतर भरावावर ओततात, म्हणजे हे दोन वेगळे तुकडे आणि त्यांच्यातला सांधा सुरुवातीपासूनच कमजोर. त्यात काँक्रीट वाळताना आकसतं, मीटरमागे साधारण अर्धा मिलिमीटर धरा, म्हणजे ४ मीटरच्या खोलीत २ मिमीच्या आसपास आकसणं आलंच आणि ते बऱ्याचदा कडेलाच दिसतं. भरावावर नीट धुमस मारलेली नसेल तर स्लॅब थोडा खाली बसतो. शिवाय तापमान बदललं की दोन्ही तुकडे जरा जरा हलत राहतात.

हे सांगायचं कारण एवढंच की ही फट पूर्ण शांत नसते. म्हणून तिच्यात नुसता सिमेंटचा माल कोंबला तर तो तडकतो किंवा एका बाजूने सुटतो आणि केसाएवढी नवीन फट तयार होते. पाण्याला तेवढी पुरते, उलट बारीक फटीतून पाणी जास्त वर चढतं.

सगळ्यात आधी पाणी येतंय कुठून ते शोधा

ही पायरी लोक गाळतात आणि मग वर्षानुवर्षं तेच काम परत परत करतात. पाणी येण्याचे रस्ते ढोबळमानाने चार. जमिनीखालून केशाकर्षणाने वर चढणारी ओल, बाहेर भिंतीला लागून साचणारं पाणी, भिंतीतला किंवा जमिनीखालचा गळका पाईप, आणि हवेतलं बाष्प जे थंड जमिनीवर येऊन घाम धरतं. चौथ्या प्रकारात फट भरून काहीच फरक पडत नाही, हवा खेळती ठेवणं हाच उपाय.

घाम आहे की खालून येणारी ओल, हे बघायला एक साधी टेस्ट आहे. साधारण ४५ सेंमी बाय ४५ सेंमीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा फटीजवळच्या स्वच्छ कोरड्या जमिनीवर ठेवा, चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि किमान १६ तास हात लावू नका. मग बघा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला बारीक थेंब आले असतील किंवा खालचं काँक्रीट आजूबाजूपेक्षा गडद झालं असेल तर ओल खालून येतेय. वरच्या बाजूला दमटपणा असेल आणि खाली कोरडं असेल तर तो हवेतला घाम. असाच एक तुकडा भिंतीवरही खालच्या बाजूला लावा. ऊन थेट पडतं तिथे लावू नका, निकाल फसवा येतो.

पाईपची शंका असेल तर सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन-तीन तासांनी परत बघा. आकडा पुढे सरकला असेल तर आधी प्लंबर. यात एक मेख आहे, ही टेस्ट फक्त दाबाच्या पाण्याच्या लाइनला चालते, सांडपाण्याचा पाईप गळत असेल तर मीटरला काही कळणार नाही, तिथे ओल बाथरूम किंवा सिंक वापरल्यानंतर वाढते का यावर लक्ष ठेवायचं.

आणि भिंतीवर पांढरी भुरभुरीत पावडर दिसली, म्हणजे आपण लोणा लागला म्हणतो तो, तर समजा की पाणी भिंतीतून किंवा जमिनीतून क्षार विरघळवत बाहेर आलंय आणि पृष्ठभागावर उडून गेलंय. ते कोरड्या ब्रशने झाडायचं, पाण्याने धुतलं तर क्षार परत आत मुरतात.

आतल्या फटीला हात लावण्याआधी बाहेर जाऊन एक चक्कर मारा, जमलं तर पाऊस चालू असताना. छपराचं पाणी पन्हाळीतून थेट भिंतीच्या बुडाशी पडतंय का, बाहेरची माती किंवा फरसबंदी आतल्या जमिनीपेक्षा उंच झालीय का, कुंड्या भिंतीला टेकून ठेवल्यात का. जमिनीचा उतार भिंतीपासून लांब जाणारा हवा, पहिल्या ३ मीटरमधे १५ सेंमी उतार हे चांगलं माप समजतात. बाहेर पाणी साचत असेल तर त्याचा दाब येतो, १ मीटर उंच पाणी दर चौरस मीटरला जवळजवळ १ टन रेटा देतं, एवढ्या रेट्यापुढे आतून लावलेली सीलंटची, म्हणजे फट बुजवायच्या ट्यूबमधल्या मालाची, पट्टी किती टिकणार? माझं स्पष्ट मत आहे की पन्हाळीचा पाईप लांब नेणं आणि माती उतरती करणं हे आतल्या सगळ्या महागड्या डब्यांपेक्षा जास्त काम करतं, पण ते दिसायला भारी नाही म्हणून लोक करत नाहीत.

भरायच्या आधी थांबायची कारणं

फटीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने बारीक खुणा करा आणि मधलं अंतर लिहून ठेवा. काही आठवड्यांत ते वाढत चाललं असेल, जमीन एका बाजूला खचलेली दिसत असेल, भिंतीत तिरक्या भेगा गेल्या असतील किंवा कुठे गंजलेली सळई उघडी पडली असेल तर काम तिथेच थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा. तो ओलीचा प्रश्न राहिलेला नाही.

काही फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात तेही बघून घ्या. काही तळघरांत कडेने निचऱ्याची चर असते आणि भिंतीवरून उतरणारं पाणी त्या फटीतूनच चरीत जातं, ती बुजवली तर पाणी खोलीत येणार. लाकडी किंवा लॅमिनेट फ्लोअरिंगच्या कडेला स्कर्टिंगखाली सोडलेली जागा फुगण्यासाठी असते, तिच्यात कडक माल भरायचा नाही. आणि जुन्या चुन्याच्या किंवा मातीच्या भिंती असतील तर जरा जपून, अशा भिंती ओल बाहेर सोडून कोरड्या राहतात, जमीन आणि खालचा भाग सगळा बंद करून टाकला की तीच ओल भिंतीत आणखी वर चढते.

कुठे काय वापरायचं

नवीन माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो, म्हणून एकच गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. सीलंटला कोरडी जागा लागते आणि सिमेंटच्या मालाला ओली. ओल्या फटीत पीयू (पॉलियुरेथेन) किंवा सिलिकॉन भरलं तर ते चिकटत नाही आणि कोरड्या ठणठणीत काँक्रीटवर सिमेंटचा माल लावला तर काँक्रीट त्यातलं पाणी शोषून घेतं आणि माल भुरभुरीत राहतो.

कोरडी पण हलणारी फट असेल तर पीयू सीलंट किंवा एमएस पॉलिमर, हेही ट्यूबमधलंच एक सीलंट. दोन्ही रबरासारखे ताणले जातात आणि काँक्रीटला छान धरतात. एमएस पॉलिमरवर सहसा रंगही बसतो. सिलिकॉन घ्यायचंच असेल तर न्यूट्रल क्युअरचं घ्या, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते आम्लयुक्त असतं, सिमेंट अल्कलीधर्मी, त्यामुळे पकड नीट होत नाही, शिवाय सिलिकॉनवर रंग बसत नाही ते वेगळंच. अ‍ॅक्रिलिक सीलंट स्वस्त असतं, पुसायला सोपं असतं, पण वाळताना आकसतं आणि कायम ओलाव्यात टिकत नाही, ते खिडकीच्या आतल्या चौकटीला ठीक.

खालून थोडी ओल कायम येतेच, फट पूर्ण वाळतच नाही, तर सिमेंटवर आधारित मार्ग घ्या, म्हणजे पॉलिमर मिसळलेला माल, त्याचा वाटा (कोपऱ्यात ओढलेली गोलाकार पट्टी), आणि वरून वॉटरप्रूफिंग कोटिंग. पाणी डोळ्यांना दिसेल असं वाहतंय तर आधी झटपट सेट होणारं हायड्रॉलिक सिमेंट.

पीओपी, पुट्टी आणि फवारायचा पीयू फोम यांतलं काहीही या कामाला नको. पीओपी ओलाव्याने मऊ पडतं आणि फोम फट भरल्यासारखी दाखवतो पण पाणी अडवत नाही, वर आत काय चाललंय तेही झाकून टाकतो.

फट साफ करणं

कंटाळवाणं काम आहे पण सगळं याच्यावरच अवलंबून आहे. स्कर्टिंगची लादी असेल तर छिन्नीने हळूच उचकून काढा, कारण फट बऱ्याचदा तिच्यामागेच असते आणि लादीच्या वरच्या कडेला सीलंट मारून काही होत नाही. मग भिंतीच्या खालच्या भागावर हातोडीच्या दांड्याने टकटक करत जा, जिथे पोकळ आवाज येईल तिथला गिलावा काढून टाका, अगदी पक्का भाग लागेपर्यंत. सुटलेल्या गिलाव्याला चिकटवलेलं सीलंट त्या गिलाव्यासकट निघून येणार, त्यात नवल ते काय.

जुना सीलंट, रंग, डांबर, तेलाचे डाग सगळं खरवडून काढायचं. फट ६ मिमीपेक्षा बारीक असेल तर ती छिन्नीने किंवा ग्राइंडरने थोडी रुंद करा, केसाएवढ्या फटीत कुठलाही माल आत शिरत नाही, नुसता वर बसतो. खाच चौकोनी ठेवा, व्ही आकाराची नको, व्ही मधला माल मागून दाब आला की सुटून बाहेर येतो. ग्राइंडर लावण्याआधी त्या भागात वायर किंवा पाईप नाही ना ते बघा, भिंत ओली असेल आणि जवळ खाली प्लग पॉइंट असेल तर त्या खोलीची लाइन बंद करा आणि ग्राइंडर दुसऱ्या खोलीतल्या, अर्थ लीकेजचं संरक्षण असलेल्या प्लगवरून चालवा. काँक्रीटची धूळ फुप्फुसांना फार वाईट, साधा रुमाल नाही तर एन९५ मास्क आणि गॉगल घालायचाच. हातमोजे पण, कारण ओलं सिमेंट चांगलंच दाहक असतं आणि ते लगेच जाणवत नाही, संध्याकाळी बोटं सोलवटलेली दिसतात तेव्हा कळतं.

शेवटी तारेचा ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर. झाडूने धूळ आतच ढकलली जाते. बोट आत फिरवून बघा, बोटाला पांढरी पूड लागत असेल तर अजून साफ झालेलं नाही.

कोरडी फट असेल तर सीलंट असं भरा

आधी बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी मिळते ती. फटीपेक्षा पाव पट जाड घ्यायची, १० मिमी फटीला १२-१३ मिमीची, म्हणजे ती दाबून बसते आणि खाली सरकत नाही. टोकदार वस्तूने ढकलू नका, भोक पडलं की त्यातली हवा सीलंटमधे फुगे करते. ही दोरी दोन कामं करते. खोल फटीत माल वाया जाऊ देत नाही आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सीलंटला तळाला चिकटू देत नाही. सीलंट फक्त दोन बाजूंना, जमिनीला आणि भिंतीला चिकटलेलं हवं, म्हणजे फट रुंदावली की ते मधे मोकळं ताणलं जातं. तळालाही चिकटलं तर ताण घ्यायला जागाच राहत नाही आणि ते फाटतं. फट उथळ असून दोरी मावत नसेल तर तळाला साधी पॉलिथिनची टेप लावा.

सीलंटची खोली फटीच्या रुंदीच्या साधारण निम्मी, पण ६ मिमीपेक्षा कमी नको. जाड भरलं म्हणजे मजबूत झालं असं इथे नाही. माल किती लागेल त्याचा हिशोब सोपा आहे, १० मिमी रुंद आणि ६ मिमी खोल फटीला ३०० मिलीची एक ट्यूब ५ मीटर जाते, थोडी जास्तीची धरा कारण कोपऱ्यांत आणि नोझलमधे जातेच.

फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. कंपनीने प्रायमर सांगितला असेल तर तो लावून वाळू द्या, सच्छिद्र काँक्रीटवर त्याने खूप फरक पडतो. नोझल फटीच्या रुंदीएवढं तिरकं कापा, गन ४५ अंशांत धरा आणि एकसारखा दाब देत चला. नोझलचं टोक फटीच्या आत राहिलं पाहिजे, माल तळापासून वर भरत यायला हवा. वरून नुसता मालाचा दोर अंथरला तर खाली हवा अडकते, आणि मग वाळल्यावर मधेच टाचणीएवढी भोकं दिसतात, पाणी नेमकं तिथून येतं. साधारण एक-दोन मीटर भरलं की लगेच स्पॅचुलाने दाबून आत बसवा आणि वरचा भाग किंचित खोलगट करा. स्पॅचुला साबणाच्या पाण्यात बुडवला तर चालतो पण नीट झटकून, ते पाणी अजून न भरलेल्या फटीत पडलं तर पुढचा माल चिकटणार नाही. टेप मात्र साय धरायच्या आधीच ओढून काढायची, नंतर ओढली तर कडा फाटतात.

पीयू हवेतल्या बाष्पाने वाळतं, दिवसाला साधारण २ ते ३ मिमी. वरून कोरडं लागलं तरी आत ओलं असतं, त्यामुळे तीन-चार दिवस पाणी लावू नका, कपाट रेटू नका. आणि काँक्रीट नवीन असेल तर ओतल्यापासून २८ दिवस तरी जाऊ द्या.

ओल कायम असेल तर वाटा आणि कोटिंग

जमीन आणि भिंतीच्या कोपऱ्यात मालाची जी गोलाकार पट्टी मारतात तो वाटा, गवंडी लोकांना सांगावं लागत नाही. काटकोनी कोपऱ्यात कोटिंग पातळ बसतं आणि तिथेच फाटतं, वाट्यामुळे तो कोपरा मोडतो.

आधी फटीच्या जागी २० मिमी रुंद आणि तेवढीच खोल खाच घ्या आणि साफ करा. खाच पाण्याने भरपूर भिजवा, मग साचलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या, काँक्रीट गडद ओलं दिसलं पाहिजे पण पाणी चमकायला नको. एसबीआर लेटेक्स (सिमेंटमधे मिसळायचं रबराचं दुधासारखं द्रव) आणि सिमेंट यांची घट्ट रबडी ब्रशने खाचेत आणि दोन्ही बाजूंना घासून लावा, आणि ती चिकट असतानाच वर माल भरा. ही रबडी वाळून गेली की तिचाच पापुद्रा होतो आणि वरचा माल धरत नाही, मग खरवडून परत लावावी लागते. म्हणून एका वेळी मीटरभरच लावायची, उत्साहात पूर्ण खोलीला लावून ठेवू नका. मालाला एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली वाळू, आणि पाण्यात एसबीआर पाकिटावर सांगितलंय त्या प्रमाणात. माल कोरडसर हवा, मुठीत दाबला की गोळा राहील इतपत. खाच ठासून भरा, मग त्यावर ५० मिमीचा वाटा ओढा, बाटलीच्या गोल बुडाने किंवा वाकवलेल्या पत्र्याने छान गोलाई येते. पहिला दिवस ओलसर ठेवा, नंतर हवेवर वाळू द्या.

त्यावर दोन घटकांचं सिमेंटचं लवचिक कोटिंग, भिंतीवर ३० सेंमी वर आणि जमिनीवर ३० सेंमी आत. पहिल्या हातात, तो ओला असतानाच, कोपऱ्यात फायबरची जाळी दाबून बसवा. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने, म्हणजे राहिलेली भोकं झाकली जातात. पाणी भिंतीच्या मागून रेटत असेल तर हे कोटिंग अशा उलट दाबाला चालतं का ते डब्यावर वाचून घ्या, साधा वॉटरप्रूफ रंग मागच्या दाबाने फुगून सुटतो.

वाहतं पाणी

हायड्रॉलिक सिमेंट तीन ते पाच मिनिटांत सेट होतं, म्हणून मुठीएवढंच कालवा. गोळा हातात जरा गरम वाटायला लागला की फटीत दाबा आणि कडक होईपर्यंत हात काढू नका. जास्त पाणी येतंय त्या जागेला शेवटी हात घालायचा, आधी दोन्ही टोकांकडून बुजवत यायचं. जोर फारच असेल तर तिथे छोटा पाईप बसवून पाणी त्यातून बाहेर काढा, आजूबाजूचं पक्कं करा आणि शेवटी पाईप काढून ते भोक बंद करा. इतकं करूनही दुसरीकडून फुटत असेल तर ते इंजेक्शनचं काम आहे, पंपाने पीयू रेझिन आत सोडतात, पाणी लागलं की ते फुगतं. ते ज्यांचं रोजचं काम आहे त्यांच्याकडूनच करून घ्या.

झाल्यावर

लगेच रंगकाम काढू नका. भिंतीत आधीच मुरलेलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो, काँक्रीटला दर इंचाला साधारण एक महिना धरतात, जाड भिंत असेल तर त्याहून जास्त. या काळात नवीन लोणा थोडाफार दिसेल, घाबरून परत सगळं उकरू नका, झाडत राहा. सीलंट आणि कोटिंग पूर्ण वाळल्यावर बाहेरून भिंतीच्या बुडाशी तासभर पाणी सोडून बघा आणि आत कोरडा टिशू पेपर सांध्यावरून फिरवत जा, कुठे थांबून ओला होतो तिथे खडूने खूण करा. खूण केलेली जागा पूर्ण वाळू द्या, मग तेवढाच तुकडा कटरने चौकोनी कापून काढा आणि दोन्ही बाजूंना ५ सेंमी जास्तीचं घेऊन परत भरा. जुन्या सीलंटवर त्याच प्रकारचं सीलंट घ्यायचं, पीयूवर पीयू, वेगळं घेतलं तर जोडावर पकड होत नाही.

प्लास्टिकच्या तुकड्याची टेस्ट तीन महिन्यांनी परत एकदा करा आणि ती कोरडी आली की मगच पुट्टी, रंग आणि स्कर्टिंग. स्कर्टिंग बसवताना तिच्या खालच्या कडेला आणि जमिनीला मिळून सिमेंट भरू नका, तिथेही बारीक सीलंटची रेघच मारा, नाहीतर पहिल्याच हालचालीला लादी सुटते.